अर्ध्या अक्षराचा रुपया

आप्पा, उमापूरचा रुपया खरा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्यापुढं कुणी पाल्हाळ लावलं की तुम्ही हातात फडकं घेऊन दुकानातले तांबे पुसत बसायचात आणि बोलणाऱ्याचं बोलणं तोंडातच राहायचं. आता घ्या फडकं. तुम्ही ज्याला भर घरात, भर सणाला खोटा म्हणालात, तो मायच्या बापाचा, माझ्या आजोबांचा रुपया खरा आहे, चांगला टाकसाळीतून पडलेला आहे, आणि साधासुधा नाही, तसले फार थोडे सापडतात. तुम्हाला मातीआड करून तीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याविषयी माझ्या तोंडून वाकडा शब्द गेला नाही. गावात कुणी तुमचं नाव काढलं की मीच दोन शब्द वाढवून सांगायची. ते सगळे शब्द आता परत घ्यावेसे वाटतात, इतका मला तुमचा राग आलाय.

पारख तुमची होती, ते मी नाकारत नाही. भांड्यांचं दुकान, त्यामुळं युसूफ वडगावच्या बाजारादिवशी लोक जुनं पितळ-तांबं मोडीत घालायला आणायचे आणि त्या फुटक्या घंगाळातून, हंड्यातून कधी दमडी, कधी ढब्बू पैसा निघायचा. तुम्ही शाळा निजामाच्या राज्यात शिकलेले, उर्दू वाचता यायचं, म्हणून लोक नांगरटीत सापडलेलं नाणंसुद्धा तुमच्याकडंच आणायचे. तुम्ही ते आधी फरशीवर टाकून ऐकायचात, मग काट्यावर घालायचात, मग कडेवरून नख फिरवायचात, की दाते सरळ आहेत का मध्येच सांध्याची रेघ लागते. सगळ्यात शेवटी भिंग. इंग्रजांचा कलदार रुपया असला तर खालच्या फुलाजवळ ठिपका आहे का बघायचा, असला तर मुंबईचा, नसला तर कलकत्त्याचा. आताच्या चिल्लरीवर सनाखाली चांदणी म्हणजे हैदराबाद, हिरा म्हणजे मुंबई, आणि काहीच नसलं तर पुन्हा कलकत्ता. "खूण न्हाई हीबी खूणच हाय," असं तुम्ही मला गल्ल्यातली नाणी ओतून शिकवायचात, आणि मी आठ-नऊ वर्षांची पोर एकेक नाणं डोळ्याला लावून टाकसाळीची नावं पाढ्यासारखी म्हणायची. दुकानात आलेली माणसं कौतुक करायची. तुम्ही गालातल्या गालात हसायचात. ते हसू मिळावं म्हणून मी काय वाटेल ते पाठ केलं असतं.

दहावी झाल्यावर तुम्ही ते भिंग मला दिलंत. पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले, गेवराईकडं बदल्या भोगल्या, गेल्या साली रिटायर होऊन मायजवळ आले. दुकान भाड्यानं दिलंय, पण बाजारादिवशी ओट्यावर खुर्ची टाकून मी बसते आणि लोक अजून नाणी घेऊन येतात. आता मोबाईलवर व्हिडिओ बघून येतात. परवा नांदूरघाटचा एक गडी आला, पाच रुपयाचं नाणं रुमालात गुंडाळून, म्हणे ह्याचे लाख येतात. कुणीतरी कानशीनं सनाखालची चांदणी घासून काढली होती, कलकत्त्याचं दिसावं म्हणून. मी त्याला घासल्याची जागा दाखवली तर मलाच म्हणतो, "मॅडम, तुमाला जमत नसंल तर तसं सांगा." मी हसले आणि त्याला चहा पाजला. चुकीचं बोलणाऱ्या माणसावर चिडायचं नाही, त्याला नाणं दाखवायचं, हे मला तुम्हीच शिकवलेलं. आजोबांना मात्र तुम्ही काय दाखवलंत?

महालक्ष्म्यांचा सण होता. मी नऊ किंवा दहा वर्षांची असेन. आपल्याकडं उभ्या महालक्ष्म्या बसायच्या आणि मायच्या हातची एक रीत होती. लग्नात तिच्या बापानं ओटीत घातलेला निजामशाही रुपया ती खणाच्या घडीत ठेवून थोरलीच्या ओटीत घालायची. वर्षातून एकदा तो रुपया पेटीबाहेर निघायचा. माहेरचं तिच्यापाशी बाकी होतं काय? उमापूरला तीन एकर मुरमाड रान आणि एक बाप. त्या वर्षी आजोबा दोन गाड्या बदलून सणाला आले होते, पिशवीत मुगाच्या ओल्या शेंगा घेऊन. आणि तुमच्याकडं केजहून दोन पाहुणे आले होते, जुन्या नाण्यांचे शौकीन. तुम्हाला त्यांच्यापुढं आपली करामत दाखवायची होती. पंगत बसायला अवकाश होता. तुम्ही सरळ आत आलात, देवीच्या ओटीतून खण उचललात, रुपया काढलात आणि बाहेर नेलात. देवीच्या ओटीत हात घालणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

तुम्ही तो ऐकला नाहीत. तोलला नाहीत. कडेवरून नख फिरवलं नाहीत. पाहुणे बघत होते, म्हणून एकदम भिंग लावलंत. त्या रुपयावर चारमिनार असतो आणि मधल्या दारात एक उर्दू अक्षर, ऐन, शेवटच्या निजामाच्या नावातलं पहिलं. तुमच्याजवळच्या रुपयात ते अक्षर पुरं होतं, खाली वळलेल्या शेपटासकट. ह्याच्यात नुसतं वरचं डोकं होतं. तुम्ही भिंग खाली ठेवलंत आणि म्हणालात, "मामा, ह्यो खोटा हाय." सासऱ्यांना तुम्ही मामा म्हणायचात. आजोबा चटईच्या कडेला बसले होते. ते म्हणाले, "जावईबापू, माझ्या मायनं मरताना हातात दिलता मला." तुम्ही म्हणालात, "दिला आसंल की. तिलाबी कुणीतरी फसवलं आसंल. अक्षर बघा, अर्धंच हाय. ठसा करणाऱ्याला उर्दू येत नव्हती." पाहुण्यांपैकी एक जण हसला. आजोबांना भिंगातून काय बघायचं ते कळत नव्हतं, तरी ते बराच वेळ बघत राहिले. पंगतीच्या वेळी ते दिसले नाहीत. पुरणपोळीचा घास न घेता ते स्टँडवर निघून गेले होते. पुन्हा ते आपल्या घरी कधीच आले नाहीत आणि दोन वर्षांत वारले.

मायनं तो रुपया पुन्हा महालक्ष्मीला घातला नाही. तो तुमच्या पत्र्याच्या डब्यात गेला, जिथं तुम्ही खोटी नाणी ठेवायचात: शिशाची, ओतीव, मुलामा दिलेली. त्या डब्यावरच तुम्ही मला खोटं कसं ओळखायचं ते शिकवायचात आणि त्यात पहिला नंबर ह्या रुपयाचा. कुणीही आलं की डबा उघडायचा, रुपया काढायचा, "हे बघा, असा असतो खोटा. आमच्या सासरवाडीचा हाय." लोक हसायचे. मधल्या दारापलीकडं माय भाकरी थापत असायची. एकदा मी तो रुपया फरशीवर टाकला तर इतका सुरेख वाजला की मी विचारलं, "आप्पा, ह्यो तर बद्द वाजत न्हाई, मग खोटा कावून?" तुम्ही माझ्या हातातून तो ओढून घेतलात आणि डाफरलात, "आधी अक्षर बघ. कान काय सांगतेत ते मला सांगू नको." आप्पा, ऐकायला तुम्हीच शिकवलं होतं ना? माझा कान बरोबर होता. बारा वर्षांच्या पोरीला जे ऐकू आलं ते तुम्हाला ऐकू आलं नाही, असं कसं मानू?

त्यानंतर मी तसला प्रश्न कधी विचारला नाही. उलट तुमच्या माघारी तो डबा माझ्याकडं आला आणि मीही तेच केलं. शाळेत पोरांना इतिहास शिकवताना तोच रुपया नेला. ओट्यावर बसून लोकांना दाखवला. "आमच्या आजोबांनी दिलेला हाय," असंही म्हणून झालं, आणि हसूनही झालं. माय आतल्या खोलीत पडलेली असायची. तिचे डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत.

मागल्या महिन्यात लातूरला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. एका टेबलाशी हैदराबादचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पुढ्यात फक्त निजामाची नाणी. मी आपली ऐट म्हणून डब्यातला रुपया काढला आणि म्हटलं, माझ्याकडं हा एक गमतीचा खोटा आहे. त्यांनी तो हातात घेतला, बोटावर तोलला, कानाशी धरून नखानं वाजवला, कड फिरवली. तुमचीच रीत, त्याच क्रमानं. मग म्हणाले, "मॅडम, इसको खोटा कौन बोला?" मी म्हटलं, माझे वडील, त्यांची मोठी पारख होती. ते हसले, टोचून नाही, साधेच. "उनो एकीच दरवाजा देखे हुइंगे." म्हणजे तुम्ही एकाच तऱ्हेचं दार बघितलं असेल. मग त्यांनी आपल्या पाकिटातून तसाच दुसरा रुपया काढून शेजारी ठेवला. हा शेवटचा निजाम गादीवर नवा आला तेव्हा सुरुवातीच्या ठशात दारात अक्षराचं नुसतं डोकंच कोरलेलं होतं. पुढं ठसा बदलला आणि पुरं अक्षर आलं. जो ढिगानं सापडतो तो पुरा, जो हुडकावा लागतो तो अर्धा. त्यांनी मला त्याची किंमत सांगितली, ती मी ऐकलीही नाही नीट. मला फक्त चटईच्या कडेला बसलेले आजोबा दिसत होते, भिंग उलटंसुलटं धरून बघणारे.

येताना एसटीत मी तुमची बाजू घेत होते, हे तुम्हाला सांगायला हवं. माणूस आहे, चुकतो. तेव्हा कुठली पुस्तकं, कुठला मोबाईल. एकच नमुना हाताशी होता, त्यावरून बोलले. चुकले असतील, पण खोटं बोलले नाहीत. घरी येऊन मी माळ्यावरून तुमच्या वह्या काढल्या, नाण्यांच्या खुणा काढलेल्या. तुमच्याजवळ खरंच एकच नमुना होता, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणजे मला तुम्हाला माफ करता आलं असतं. तिसऱ्या वहीत ते पान निघालं. चारमिनारची दोन दारं तुम्ही काढलीत, बारीक, नेटकी. एकात अर्धं अक्षर, एकात पुरं. खाली लिहिलंय, "पहिल्या साली अर्धा ऐन. दोन्ही खरे." आणि त्याच्याखाली एकच शब्द, "उमापूरचा." शाई हिरवी. ते हिरव्या शाईचं पेन मी माझ्या पहिल्या पगारातून तुम्हाला आणलं होतं. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. आजोबा गेल्यावर कळलं, पण कळलं. आणि त्यानंतर तुम्ही सहा-सात वर्षं जगलात.

सहा-सात वर्षं म्हणजे सहा-सात महालक्ष्म्या झाल्या की हो. प्रत्येक वर्षी माय ओटीत खण ठेवायची आणि खणात काही नसायचं. तुम्ही पाटावर बसून बघायचात. तिला एवढं म्हणता येत नव्हतं, की अगं, तुझ्या बापाचा रुपया खरा निघाला, घाल पुन्हा? चार शब्दांत तुमचं काय गेलं असतं? लोकांना नका सांगू. केजच्या पाहुण्यांना नका सांगू. पारखी म्हणून तुमचं जे काही नाव होतं ते सांभाळा खुशाल. भाकरी वाढणाऱ्या बाईला सांगायचं होतं फक्त. आता आठवतं, त्या वर्षांत तुम्ही तो डबा काढायचं सोडून दिलं होतं. कुणी विचारलं तर "नजर राहिली न्हाई" म्हणायचात. मी मूर्ख, तुम्हाला चष्म्याचा नंबर बदलायला अंबाजोगाईला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाला, नंबर तोच आहे. येताना तुम्ही गाडीत एक शब्द बोलला नाहीत आणि मला वाटलं दमलात.

मी मायला सांगायचं ठरवलं. दुपारी ती मेथी निवडत बसली होती. निवडत म्हणजे काय, दिसत नाही तर चाचपून काड्या बाजूला करते. मी रुपया तिच्या हातात दिला. बोटांना तो लगेच कळला, तिनं हात मागं घेतला. मी म्हटलं, "माय, हा खरा हाय. हैदराबादच्या माणसानं बघितला. आजोबांचा रुपया खरा हाय." मला वाटलं होतं, ती रडेल, देवाला हात जोडेल, तुम्हाला दोन शिव्या देईल. मीही दोन घातल्या असत्या. तिनं मेथीच्या दोन काड्या चाचपून बाजूला टाकल्या. मग म्हणाली, "आता कुणाला सांगू ह्ये?"

मी म्हटलं, तुलाच सांगतेय की. तर ती म्हणाली, "तुला वाटतं, त्यो तुझ्या बापाच्या बोलण्यानं उठून गेला? जावई बोलला म्हणून कुणी उपाशी जातंय व्हय गं. त्यो चुलीपाशी आलता. मला म्हणला, बाई, तुजा तरी इस्वास हाय ना माज्यावर? म्या पोळी लाटीत व्हते. म्या वर बघितलं न्हाई. म्या म्हणलं, तुमी मला समद्या लोकांत खाली बघाया लावलं. देवीला खोटं घालाया लावलं इतकी वर्सं." तिच्या हातातली मेथी तशीच होती. "त्यो म्हणला, बरं. आन् गेला. दोन वर्सं म्या उमापूरला गेले न्हाई. बोलावणं आलतं, गेले न्हाई. मग त्यो मेल्यावरच गेले."

पन्नास वर्षं मी समजत होते की तिच्या बापाचा अपमान झाला आणि ती सोसत राहिली. तसं नव्हतं. तिनं तुमचं ऐकून स्वतःच्या बापाला खोटा ठरवलं होतं, कारण तुम्ही चुकत नाही असं सगळं गाव म्हणायचं आणि तीही गावातलीच. तिच्यापुरता तिचा बाप नुसता गरीब नव्हता, फसवा होता. आणि आता मी तिला येऊन सांगत होते की तो फसवा नव्हता. आप्पा, हिरव्या शाईनं लिहिलंत तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती. उमापूरला तिची चुलती जिवंत होती. गेली असती, चुलतीच्या गळ्यात पडून रडली असती, बापाच्या समाधीवर नारळ फोडला असता, मोकळी झाली असती. आज तिला रस्ता ओलांडता येत नाही. तुम्ही तिच्या हातची नुसती भाकरी खात राहिलात. मला तुमच्या समाधीवर जाऊन दगड मारावेसे वाटले, खरंच सांगते. मी माझ्या वर्गातल्या पोरांनासुद्धा चूक झाली तर उभं राहून सांगायला लावायची.

तिनं रुपया चाचपून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला. बरीच गाठ मारली. मग एकदम विचारलं, "तुज्या बापाला कळलतं का गं कधी?"

वही आतल्या खोलीत उघडीच होती. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, सही-शिक्क्यासकट. मी म्हटलं, "न्हाई माय. कळलं असतं तर आधी तुला सांगितलं असतं."

"तेच म्हणते," ती म्हणाली. "चुकला आसंल. पर कळून गप बसणारा न्हवता त्यो." आणि मेथी निवडायला लागली.

हे तिच्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आले. ह्या वयात तिचा बाप तिला परत मिळाला, त्याच दुपारी नवरा कशाला काढून घ्यायचा. ते खरंही आहे. पण तुमच्यापुढं मुद्द्याचं बोलावं लागतं, आणि हे पत्र कुठं जायचं नाही, तेव्हा सांगते. मायला लिहितावाचता येत नाही. त्या वह्या बघणारं घरात दुसरं कुणी नाही. तरी ती भाजी चिरायला उठल्यावर मी आत गेले आणि ते हिरव्या शाईचं पान फाडून टाकलं.